टर्बो-मोटारीचें धुराडें

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसविला म्हणजे टर्बो-मोटारीचें बळ वाढतें, असा समज हौशी मोटारवाल्यांत रूढ आहे. वस्तुतः आवाजाचा व बळाचा संबंध अगदीं थोडा! स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं ज्या कल्पनेचें पेटंट घेतलें, ती अशी: इंजिनांतून वायां जाणाऱ्या तप्त वायूनें एक चक्र फिरवावें व त्या चक्राच्या जोरावर इंजिनांत अधिक हवा कोंबावी. चक्राच्या अलीकडे दाब जास्त आणि पलीकडे जितका कमी, तितकें तें जोमानें फिरतें. म्हणून पैसा खर्चावयाचा तो चक्राला लागून असलेल्या रुंद डाउनपाइपवर. शेपटाकडील सायलेन्सर सर्वांत शेवटीं. मात्र वाट फारच मोकळी झाली, तर जादा वायु बाजूस काढणारी वेस्टगेटची झडप अपुरी पडते, हवेचा दाब मर्यादेपलीकडे चढतो आणि प्रसंगीं पिस्टन वितळतो. तेव्हां नव्या नळीबरोबर दाबमापक हवाच, व इंधनाचें प्रमाणही जुळवून घेतलें पाहिजे. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत ४०९ पेक्षां ३०४ जातीचें पोलाद गंजास अधिक टिकतें.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्लाही पुष्कळदां मिळतो. त्यानें वाट मोकळी होते खरी. पण विषारी कार्बन मोनॉक्साइड तसाच मागून येणाऱ्या सायकलस्वाराच्या छातींत जातो. विरळ जाळीचा कन्व्हर्टर मिळतो. महाग पडला तरी तोच घ्यावा.