वॉल्व्हट्यूब आणि नंतर

जुन्या काळ्या सायकलीच्या चाकात हवा भरायच्या पितळी नळीवर एक बारीक रबरी नळी चढवलेली असे. हवा आत जाताना ती जराशी फुगायची आणि आतली हवा परत निघू लागली की पितळेला घट्ट आवळून बसायची. तिचं नाव वॉल्व्हट्यूब. ती कुजली की चाक रात्रीत बसायचं, आणि सकाळी सायकलवाला भेंडोळ्यातून बोटभर तुकडा कापून द्यायचा. या तुकड्याचा आणखी एक गुण मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात एका इंजिनिअरच्या ध्यानात आला: आगकाडी तिच्यात नेमकी बसते. निसटत नाही आणि रबर फाटतही नाही.

हा इंजिनिअर म्हणजे अरविंद गुप्ता. जन्म 1953 चा, बरेलीचा. 1975 साली कानपूरच्या आयआयटीतून पदवी घेऊन ते पुण्यात टेल्कोत लागले. म्हणजे ट्रक बनवायला. पण कानपूरला असताना त्यांनी अनिल सद्गोपाल यांचं भाषण ऐकलं होतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवायला निघालेला हा माणूस गुप्तांच्या डोक्यातून गेला नव्हता. 1972 साली सद्गोपालांची किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मिळून होशंगाबादेतल्या 16 सरकारी शाळांत विज्ञान हातानं करून शिकवायचा कार्यक्रम सुरू केला होता. 1978 मध्ये गुप्तांनी टेल्कोतून वर्षभराची रजा काढली आणि तिकडे गेले.

तिथे प्रयोगशाळा नव्हती, आठवडी बाजार होता. बाजारात जे मिळतं आणि गावात जे फेकलं जातं, त्यातूनच साहित्य उभं करायचं होतं. काडीचं गुल खरवडायचं, वॉल्व्हट्यूबचा दीडेक सेंटिमीटर तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांतून एकेक काडी खुपसायची, की दोघांचा जोड झाला. त्या तुकड्याला बाभळीच्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घातली की तिघांचा. एका तुकड्याच्या भोकातून दुसरा तुकडा ओवला की चौघांचा. परदेशी मेकॅनो संचात नटबोल्ट जे काम करतात ते इथे काटा आणि रबर करतात, आणि एक काम जास्त करतात: हा जोड लवतो.

सगळी गंमत त्या लवण्यात आहे. चार काड्यांचा चौकोन करून कोपऱ्याला बोट लावलं की तो कलतो, पतंगासारखा होतो, आडवा पडतो. पंचकोन तर गुडघे टेकतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र ढिम्म हलत नाही. जोर केला तर काडी मोडते, आकार मोडत नाही. हे बोटांना कळल्यावर मुलाला घराच्या आढ्याखालची कैची दिसायला लागते, रेल्वेपुलाच्या बाजूच्या तिरक्या पट्ट्या दिसतात, विजेचा मनोरा दिसतो. सहा काड्या आणि तिघांचे चार जोड, की चतुष्फलक तयार. तीस काड्या आणि पाच जणांचे बारा जोड घेतले तर वीस त्रिकोणांचा एक गोल डौलदार आकार उभा राहतो. भूमितीच्या पुस्तकात याचं चित्रच असतं, आणि चित्र कधी लवत नाही.

होशंगाबादहून परतल्यावर टेल्कोची नोकरी फार टिकली नाही. आगकाड्यांचं पुस्तक निघालं, अनेक भारतीय भाषांत गेलं, दूरदर्शनवर विज्ञानाच्या करामतींचे कार्यक्रम झाले. 1988 साली मुलांमध्ये विज्ञानप्रसार केल्याबद्दलचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, तो पहिल्याच वर्षी त्यांना मिळाला. पण एवढं होऊनही या कामाला स्वतःचं छप्पर नव्हतं. ते पुण्यात मिळालं, आणि तेही खगोलशास्त्रज्ञांच्या अंगणात.

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र, पुणे विद्यापीठाच्या आवारातलं. 1988 मध्ये जयंत नारळीकरांनी ते उभारायला घेतलं. वास्तू चार्ल्स कोरियांची. चौकात फूकोचा लंबक, आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. जिथे तारे आणि दीर्घिका यांची गणितं चालतात तिथे शाळेच्या पोरांचं काय काम, असं कोणी म्हटलं असतं तर गैर झालं नसतं. नारळीकरांना मात्र ते गैर वाटलं असतं. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली, इंग्रजीतही आणि मराठी-हिंदीतही. सही मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवतो. त्यात सही फुकट मिळत नाही आणि प्रश्न मात्र विचार करून काढावा लागतो. मुलांना विज्ञानाकडे ओढायच्या युक्त्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. पंधरा पैशांत होणारी याहून चांगली युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

उन्हाळी सुट्टीतला उपक्रम याच वळणाचा. निवडलेल्या मुलांनी आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाजवळ बसायचं. अभ्यासक्रम, व्याख्यानं, परीक्षा यांतलं काही नाही. जे सुचेल ते विचारायचं, मोजायचं, आणि शेवटी लिहून द्यायचं.

याच आवारात मुलांसाठी कायमची जागा व्हावी म्हणून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानची देणगी आली आणि पुलंच्या नावानं मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. (व्यसनमुक्तीचं मुक्तांगण वेगळं, तेही पुण्यातच, आणि त्याच्याही मुळाशी पुलं-सुनीताबाईंचा पैसा आहे. ज्या माणसाला महाराष्ट्र विनोदासाठी ओळखतो त्याचा पैसा कुठे कुठे मुरला आहे, यावर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.) 2003 मध्ये गुप्ता तिथे आले आणि 2014 पर्यंत राहिले. विदुला म्हैसकर, अशोक रूपनेर, मनीष जैन यांच्यासारखे सहकारी मिळाले. शाळांचे गट येऊ लागले, शिक्षकांची शिबिरं होऊ लागली.

शोधिकेत काय असतं, असं विचारलं तर पहिलं उत्तर द्यावं लागेल: भंगार. शीतपेयांचे स्ट्रॉ, वर्तमानपत्रं, बाटल्यांची टोपणं, झिजलेल्या स्लिपरांचे तुकडे, संपलेली रिफिलं. टेबलावर याचा ढीग आणि भोवती मुलं. तिथला एक साधा नमुना घेऊ. स्ट्रॉचं टोक दातांनी चेपून कात्रीनं दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं आणि ओठांत धरून फुंकायचं. सनईची पत्ती जे करते तेच हे चपटं टोक करतं: थरथरतं, आणि आतल्या हवेला बोलतं करतं. आता फुंकता फुंकताच दुसऱ्या टोकाकडून कात्री चालवत यायची. नळी जसजशी तोकडी होते तसतसा सूर वर चढतो. ध्वनीचा जो धडा शाळेत पाठ करून घेतात तो इथे अर्ध्या मिनिटात कानावरून जातो, आणि वर्गभर जो कल्लोळ माजतो त्याला शाळेत शिक्षा झाली असती.

विजेची मोटर याहून खोल आहे. एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना रबरानं बांधलेल्या दोन सेफ्टी पिना, वर एक काळं चकतीचं चुंबक, आणि पिनांच्या भोकांत टेकवलेलं तांब्याच्या तारेचं दहाएक वेढ्यांचं कडं. ही तार एनॅमल चढवलेली असते, म्हणून कड्याची दोन्ही टोकं खरवडावी लागतात. पूर्ण खरवडली तर मोटर नुसती कुरकुरते. तीन बाजूंनी खरवडून चौथी तशीच ठेवली तर भिरभिरते. असं का, ते त्या चौथ्या बाजूत आहे. अर्धा फेरा झाल्यावर चुंबक कड्याला उलटं ओढू लागणार, नेमक्या त्याच वेळी एनॅमलची बाजू पिनेवर येते आणि वीज तुटते. कडं आपल्याच वेगानं तो टप्पा ओलांडतं, की पुन्हा वीज सुरू. बाजारच्या मोटरीत हे काम कम्युटेटर आणि कार्बनचे ब्रश करतात. इथे ते काम न खरवडलेल्या एका रेघेवर भागतं. मुलाची मोटर पहिल्या फटक्यात फिरली तर त्याला यातलं काही कळत नाही. अडली, की कळायला लागतं.

इथेच माझं आणि या खेळण्यांच्या भक्तांचं थोडं वाजतं. खेळणं झालं, फिरलं, टाळ्या पडल्या, म्हणजे विज्ञान झालं असं नव्हे. अधांतरी पेन्सिलीचं उदाहरण घ्या. पेन्सिलीवर दोन कडीचुंबकं, खाली रबराच्या तुकड्यात चार, सारी एकमेकांना ढकलणारी. पेन्सिल हवेत आडवी राहते आणि टोक एका उभ्या सीडीला टेकतं. मुलं आ वासून बघतात. खरा धडा सीडी काढून घेतल्यावर सुरू होतो, कारण पेन्सिल तत्क्षणी उडून पडते. नुसत्या स्थिर चुंबकांवर दुसरं चुंबक स्वस्थ तरंगत ठेवता येत नाही, हे अर्नशॉ नावाच्या इंग्रज गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकातच सिद्ध केलं आहे. त्या सीडीशी थांबून ‘ही कशाला?’ असं विचारणारं मूल किंवा बाई वर्गात असेल तर खेळण्याचं चीज होतं. नसेल तर ती जादू, आणि जादूचे प्रयोग करणारे आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. गुप्तांना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? मुलानं खेळण्याचं सगळ्यांत उत्तम काय करावं तर ते मोडून बघावं, असं ते जन्मभर सांगत आले. खेळणं फुकटच्या मालाचं करण्यामागे गरिबीची सोय आहे, तशी ही मुभाही आहे. विकतचा संच मुलाच्या हाती देताना आई आधी बजावते, मोडू नकोस हं.

गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात आता ‘प्रोजेक्ट साहित्य’ मिळतं. थर्मोकोलचा ज्वालामुखी, तयार सूर्यमाला, वर आईच्या सुबक अक्षरातली चिठ्ठी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात बक्षीस बहुधा यालाच असतं, कारण ते देखणं दिसतं. काड्यांचं वाकडंतिकडं घर कुठल्या परीक्षकाला आवडणार? नव्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवले, राज्यात ‘आनंददायी शनिवार’ आला. वेळापत्रकात जागा झाली, हे चांगलंच. पण त्या शनिवाराचा अहवाल आणि फोटो पाठवायचे असतील तर गुरुजी फोटोत चांगलं दिसणारं काहीतरी करून घेणार. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही.

शोधिकेचा खरा पसारा पुण्याबाहेर आहे, आणि तो फिल्मांतून व पुस्तकांतून झाला. एकदोन मिनिटांच्या छोट्या फिल्मा, हात दिसतात, तोंड क्वचितच. म्हणून आवाज दुसऱ्या भाषेचा लावला की झालं. कित्येक भाषांत त्या अशा गेल्या. जोडीला जगभरची मुलांची आणि शिक्षणावरची पुस्तकं गुप्तांनी इंटरनेटवर मोकळी ठेवली, त्यात मराठीही भरपूर. प्रकाशकांच्या हक्कांचं काय, हा प्रश्न उरतो, आणि तो क्षुल्लक नाही. पण ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचनालय म्हणजे कुलूपबंद कपाट असतं, तिथल्या शिक्षकाला हा प्रश्न पडण्याआधी पुस्तक हाती आलेलं असतं. 2018 साली गुप्तांना पद्मश्री मिळाली. मनीष जैन गांधीनगरच्या आयआयटीत गेले आणि तिथे याच जातीचं केंद्र उभं केलं.

शोधिकेच्या कारभारात मला सगळ्यांत लक्षणीय वाटते ती एक गोष्ट कोणी ठरवून केलेली नाही. इथला अभ्यासक्रम भंगार बदलेल तसा बदलत जातो. फोटोच्या रिळाची काळी डबी एकेकाळी इथला राजा होती: डबी म्हणजे पंपाचं नळकांडं, कापून घेतलेलं टोपण म्हणजे दट्ट्या, सायकलचा आरा म्हणजे दांडा, चिकटपट्टीचा तुकडा म्हणजे झडप. असा पंप भराभर पाणी फेकायचा. डिजिटल कॅमेरे आले, रिळं गेली, आणि पंप नव्यानं जुळवावा लागला. नव्या सायकलींना मोटारीसारखे व्हॉल्व्ह आले तशी वॉल्व्हट्यूब दुर्मिळ झाली; शहरातल्या दुकानात ती मागितली तर पोरगा मालकाकडे बघतो. सीडी आली, तिच्या भिंगऱ्या आणि हवेवर तरंगणाऱ्या चकत्या झाल्या, आणि तीही निघाली. छापील पुस्तकातला प्रयोग असा दहापंधरा वर्षांत जुना होतो, त्यातलं तत्त्व कितीही पक्कं असलं तरी. म्हणून आगकाडीचं पुस्तक जसंच्या तसं राबवणारा शिक्षक लवकरच अडतो, आणि शाळेमागचा उकिरडा बघायची सवय असलेला अडत नाही. बिनपैशाच्या साहित्याची कीर्ती ऐकून काही संस्था आता हेच साहित्य संच करून विकतात, तेव्हा नेमकी ही सवय सुटते: स्ट्रॉ पाकिटात मोजून आलेले असतात.

सध्याच्या भंगारात वेगळाच ऐवज आहे. बिघडलेल्या दिवाळीच्या माळेतले एलईडी, तुटलेल्या चार्जरची वायर, आणि जुन्या मोबाइलमधली ती इवलीशी मोटर जिच्या दांड्यावर एकीकडे कललेलं वजन असतं आणि म्हणून फोन थरथरतो. ही मोटर आणि बटणाएवढा सेल दात घासायच्या ब्रशच्या डोक्यावर चिकटवला की तो केसाळ तुकडा टेबलभर किड्यासारखा पळतो. केस एका बाजूला वाकवले तर सरळ जातो, सरळ ठेवले तर गरगरतो. का, ते मुलांनी भांडून ठरवायचं. मात्र घाई केलेली बरी. नव्या महागड्या फोनांत थरथर वेगळ्या रचनेनं करतात, तिथे फिरणारा दांडाच नसतो, आणि दुरुस्तीवाल्याच्या डब्यात पडलेल्या या जुन्या मोटरी आणखी काही वर्षांनी रिळाच्या डब्यांइतक्याच शोधाव्या लागतील.