डोक्यावरचा भोवरा का जात नाही?

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लेखी.

दिवाळीत लोहाऱ्याला गेलो होतो. सलूनमध्ये काकांनी दोनदा कंगवा फिरवला आणि म्हणाले, "भोवरा हाय. हितले केस बसत न्हाईत."
"काहीच इलाज नाही?"
"न्हाई."

आपण कमी पडतोय म्हणून जमत नाही, की जमणं शक्यच नाही? हे ठरवणारं गणित म्हणजे ऑब्स्ट्रक्शन थिअरी, अडथळ्याचं शास्त्र.

केसांच्या कडेने डोक्याभोवती एक चक्कर मारा. कपाळावरचे केस पुढे, उजव्या कानापाशी उजवीकडे, मानेवर मागे, डाव्या कानापाशी डावीकडे, परत पुढे. म्हणजे दिशा पूर्ण एकदा फिरली. आकडा १. आता ही चक्कर लहान लहान करत आत न्या. भोवरा नसेल तर अगदी छोट्या चक्करीत सगळे केस जवळपास एकाच दिशेला, म्हणजे आकडा ०. पण पूर्ण आकडा हळूहळू सरकत १ चा ० होऊ शकत नाही. म्हणून आत कुठेतरी भोवरा असणारच!

दोन भोवरेवाल्यांना "तुझी दोन लग्नं होणार" म्हणतात ना? लग्नाचं माहीत नाही, पण कडेचा आकडा १ च असल्याने आणखी कुठेतरी −१ ची जागा असायलाच हवी. दोन भोवऱ्यांच्या मध्ये, जिथे केस समोरासमोर येऊन बाजूला वळतात, तिथे शोधा. १ + १ − १.

आणि जेल लावून सगळे केस मागे फिरवले तर? मग कडेलाच आकडा ० होतो, भोवरा दबतो. काकांचं "न्हाई" इथे थोडं चुकलं.

पण सगळीकडून केस असलेल्या गोळ्याला कडच नाही. वरचा अर्धा भाग सरळ विंचरला, तिथे ०, तर खालच्या अर्ध्यात २ येतात. दोन्हीकडे १-१ करा, बेरीज तीच. कोडमधला बग एका फाईलमधून काढला की दुसऱ्या फाईलमध्ये निघतो, तसंच. विंचरण कसंही बदला, गोळ्याचा आकडा २. मेदूवड्याचा ०, तो बिनभोवऱ्याचा विंचरता येतो.

कसंही केलं तरी न बदलणाऱ्या या हिशेबाला कॅरॅक्टरिस्टिक क्लास म्हणतात. सगळीकडे तो एका आकड्यात मावत नाही, म्हणून 'क्लास'. १९३५ च्या सुमारास श्टीफेल आणि व्हिटनी यांनी हे मांडलं. १९४६ मध्ये चर्न यांनी वक्रतेतून मोजायचा रस्ता दाखवला.

त्यासाठी एका बिंदूवरची दिशा शेजारच्या बिंदूवर कशी न्यायची याचा नियम लागतो, त्याला 'कनेक्शन' म्हणतात. १९६१ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमधल्या एम. एस. नरसिंहन आणि एस. रामनन यांनी सिद्ध केलं की एका प्रकारची सगळी कनेक्शन्स एकाच सार्वत्रिक कनेक्शनमधून मिळतात. म्हणजे लायब्ररी एकदाच लिहा, सगळीकडे इम्पोर्ट करा! चर्न आणि सायमन्स यांनी १९७४ च्या त्यांच्या प्रसिद्ध पेपरात हाच निकाल वापरला.

पुढच्या वेळी कागदाची पट्टी आणि डिंक घेऊन बसा, मोबियस पट्टी करू.