जुन्या मिलचा खटला आणि विधी-संशोधनाचा लेख

सोलापूरचे नाव निघाले की सर्वसामान्य वाचकास चादरी आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आठवते. भारतीय राज्यघटनेच्या अभ्यासकास मात्र या नावाबरोबर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निवाडे आठवतात. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, जिला सोलापूरकर ‘जुनी मिल’ म्हणतात, २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद पडली आणि कामगारांवर बेकारीचे संकट कोसळले. केंद्र शासनाने ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपण नेमलेल्या संचालकांच्या हाती दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वटहुकमाच्या जागी संसदेचा कायदा आला. एका गिरणीपुरता केलेला हा कायदा घटनेस धरून आहे काय, असा प्रश्न भागधारकांनी न्यायालयापुढे नेला.

हे सर्व येथे सांगण्यास एक निमित्त घडले. विधी शाखेत अध्यापन करणाऱ्या एका तरुण गृहस्थांनी याच विषयावरील आपला इंग्रजी लेख भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे दिला. एका विधी-पत्रिकेने तो परीक्षकांकडे न पाठविताच परत केला होता. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. कायद्याचे ज्ञान नोकरीत पडेल तेवढेच. तथापि मूळ निवाडे समोर ठेवून लेख वाचू लागलो, तेव्हा दोष भाषेचे नाहीत हे ध्यानात आले. लेखात विचार होता, कष्टही होते. उणीव होती ती सिद्धतेची. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून लेखन करणाऱ्या अध्यापक, वकील व विद्यार्थी यांना ही सिद्धता कशी करावी हे कळावे, म्हणून त्याच लेखाच्या आधाराने काही गोष्टी मांडीत आहे.

एक कायदा, दोन निवाडे

पहिला निवाडा चिरंजितलाल चौधरी विरुद्ध भारत सरकार हा ४ डिसेंबर १९५० रोजी लागला. मुख्य न्यायमूर्ती कनिया, न्या. फझल अली व न्या. मुखर्जी यांच्या बहुमताने अर्ज फेटाळण्यात आला. कायदा एकाच कंपनीस लागू असला तरी तेवढ्यावरून समानतेच्या तत्त्वाचा भंग होत नाही आणि कायदा घटनाबाह्य असल्याचे दाखविण्याचा भार अर्जदारावर आहे, असे सूत्र त्यातून रूढ झाले. न्या. पतंजली शास्त्री व न्या. दास यांचे मत विरुद्ध पडले.

दुसरा निवाडा द्वारकादास श्रीनिवास विरुद्ध हीच कंपनी, तो १८ डिसेंबर १९५३ रोजी लागला. या वेळी वादीकडे अग्रहक्क भाग होते आणि नव्या संचालकांनी त्यांवरील उरलेल्या रकमेची मागणी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने दावा अमान्य केला होता; सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. भरपाईवाचून मालमत्ता हिरावली जाते, सबब कायदा अनुच्छेद ३१ च्या विरुद्ध आहे, असे ठरले.

आमच्या तरुण मित्रांचा पहिला दोष येथेच होता. त्यांनी १९५० च्या निवाड्यातून दिलेला सर्वांत प्रभावी उतारा न्या. शास्त्री यांचा, म्हणजे अल्पमताचा होता आणि तो ‘न्यायालय म्हणते’ या शब्दांनी दिला होता. दुसरा दोष त्याहून मोठा. त्यांनी १९५३ चा निवाडा तळटीपेत उल्लेखापुरता ठेवला होता. त्यामुळे कायदा टिकला, असा वाचकाचा ग्रह व्हावा. वस्तुतः तीन वर्षांनी तोच कायदा रद्दबातल ठरला. तिसरा दोष कालाचा. मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचे त्यांनी वर्तमानकाळात लिहिले होते. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ चे रूप बदलले आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने तो अनुच्छेदच वगळला. २० जून १९७९ पासून हा हक्क अनुच्छेद ३०० क खालील केवळ घटनात्मक हक्क उरला आहे. विधी-पत्रिकेचे संपादक हे वाक्य पाहताच पुढील पाने उलटीत नाहीत, आणि त्यांना दोष देता येत नाही.

लेख कशासाठी

दोन निवाड्यांचा गोषवारा म्हणजे संशोधन नव्हे. तो तर विद्यार्थ्यांच्या पुस्तकात असतोच. लेखाला एक प्रश्न हवा आणि तो पहिल्या दोन पानांत स्पष्टपणे मांडलेला हवा. येथे प्रश्न समोरच होता: त्याच कायद्याविषयी त्याच न्यायालयाने तीन वर्षांत भिन्न निर्णय का दिले? अनुच्छेद १४ ऐवजी अनुच्छेद ३१ कडे लक्ष गेले म्हणून, की या वेळी प्रत्यक्ष पैसे भरण्याची पाळी आलेला वादी पुढे आला म्हणून? हा प्रश्न घेतला की कोणता मजकूर ठेवावा व कोणता गाळावा हे आपोआप ठरू लागते. गिरणीच्या स्थापनेचा इतिहास सहा पानांवरून एका परिच्छेदावर आला. मला स्वतःला ती सहा पाने आवडली होती. पण ती दुसऱ्या लेखाची होती.

त्यानंतर, या विषयावर पूर्वी कोणी काय लिहिले आहे आणि आपण त्यात काय नवे घालीत आहोत, हे सांगावे लागते. संसदेत विधेयकावर झालेली चर्चा पाहणे हा अशा नव्या भरीचा एक मार्ग होय. जुन्या चर्चा आता संसदेच्या अंकीय ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात.

संदर्भ

सर्वाधिक वेळ संदर्भांच्या तपासणीस द्यावा. विधी-लेखनात तळटीप ही शोभेची वस्तू नसून पुरावा असतो. पहिला निवाडा ‘१९५० एससीआर ८६९’ व ‘एआयआर १९५१ एससी ४१’ असा दोन ठिकाणी सापडतो. दुसरा ‘१९५४ एससीआर ६७४’ व ‘एआयआर १९५४ एससी ११९’ असा. निवाड्याचे वर्ष व निवाडा-ग्रंथाचे वर्ष एक असतेच असे नाही, ही गोष्ट नवख्यास चकविते. मजकुरात ‘१९५३ चा निवाडा’ आणि तळटीपेत १९५४ असे आले तर ती चूक नव्हे; मात्र एकदा १९५३ व एकदा १९५४ असे मजकुरातच आले तर ती चूक होय.

आणखी एक स्थानिक अडचण. जुन्या कागदपत्रांत आपल्या शहराचे नाव ‘शोलापूर’ असे पडले आहे. संगणकावर आजच्या रूपाने शोध घेणाऱ्यास हे निवाडे सहजी मिळत नाहीत. इंग्रजांच्या काळातील वर्णांनीच शोधावे.

पूर्वी अशा कामासाठी मुंबईस खेप घालावी लागे. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निवाडे ‘ई-एससीआर’ या संकेतस्थळावर विनामूल्य खुले केले आहेत. मूळ निवाडा सुलभ झाल्यावर हेडनोटवर, म्हणजे आरंभी संपादकाने दिलेल्या सारावर, विसंबण्याचे कारण उरत नाही. हेडनोट न्यायाधीशाची नसते, ती उद्धृत करता येत नाही. शिवाय ती संपादकाची निर्मिती असते. निवाड्यांच्या संपादकीय कामास किती संरक्षण द्यावे हा प्रश्न ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या २००७ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. संगणकीय साधनांनी सुचविलेला संदर्भ तर मूळ पाहिल्याविना कधीही घेऊ नये. अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केल्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०२३ मध्ये वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला.

तळटीपांची पद्धत प्रत्येक पत्रिकेची निराळी असते. दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची स्वतःची रीत आहे. ऑक्सफर्डची व अमेरिकेतील ब्लूबुकची निराळी. पत्रिका आधी ठरवावी, मग तळटीपा लिहाव्यात. आमच्या मित्रांनी उलट केले आणि पूर्ण आठवडा पुन्हा बसले. मराठीत लिहिणाऱ्यांनी भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ जवळ ठेवावा. एका संज्ञेस लेखभर एकच प्रतिशब्द राहिला पाहिजे.

पाठविण्यापूर्वी

पत्रिकेची निवड आता लेखकाच्या विवेकावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची ‘केअर’ यादी ठेवणे २०२५ मध्ये बंद केले. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या पत्रिकांची निमंत्रणे सर्वांनाच येतात. संपादक मंडळातील व्यक्ती खरोखर त्या कामात आहेत काय आणि मागील अंकांत कोणत्या दर्जाचे लेख आले, हे पाहिल्यावाचून लेख धाडू नये.

वाङ्मयचौर्यासंबंधी आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही आणि योग्य निर्देशासह दिलेले उतारे गणनेत धरले जात नाहीत. तरीही दुसऱ्याचा परिच्छेद शब्द फिरवून घेतला तर चौर्य ते चौर्यच; यंत्रास ते दिसले नाही तरी परीक्षकास दिसते.

परीक्षण बहुधा नावे झाकून होते. म्हणून लेखकाचे नाव, संस्था व आभार स्वतंत्र पानावर द्यावेत आणि ‘माझ्या पूर्वीच्या लेखात’ यासारखे शब्द मजकुरातून काढावेत. संगणकातील धारिकेच्या माहितीतही नाव राहून जाते, ते पुसावे. शब्दमर्यादेत तळटीपा धरल्या जातात काय, हे सूचनांत पाहावे. सारांश शेवटी लिहावा, तथापि तो सर्वप्रथम वाचला जाणार आहे हे ध्यानी ठेवावे. त्यात प्रश्न व निष्कर्ष दोन्ही असावेत. अमेरिकेतील विद्यार्थी-संपादित पत्रिकांकडे एकच लेख अनेक ठिकाणी पाठविण्याची मुभा असते. आपल्याकडे तो एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवावयाचा असतो.

आमच्या मित्रांचा लेख तिसऱ्या मसुद्यानंतर दुसऱ्या एका पत्रिकेकडे गेला. या वेळी तो परीक्षकांपर्यंत पोचला आणि दोघांचे अभिप्राय आले. एकाने सुधारणा सुचविल्या आहेत. दुसऱ्याने १९५० च्या बहुमताचा अर्थच चुकीचा लावल्याचे म्हटले आहे. प्रत्येक आक्षेप डावीकडे व त्याचे उत्तर, दुरुस्तीच्या पृष्ठांकासह, उजवीकडे असा तक्ता त्यांनी सध्या करावयास घेतला आहे. दुसऱ्या परीक्षकाचे म्हणणे त्यांना मान्य नाही. त्यासाठी ते न्या. मुखर्जींचा निवाडा पुन्हा पहिल्यापासून वाचीत आहेत.