बाया कितल्या?

४ जून २०२४. जूनचा पहिला आठवडा म्हणजे आमच्याकडे लोणच्याचा घाट. हॉलमध्येच जुने पेपर पसरून मी अडकित्त्यानं कैऱ्या फोडत बसले होते, सासूबाई मोहरीची डाळ निवडत होत्या आणि आमचे हे टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हते. लोकसभेचा निकाल! पडद्यावर रंगीत पट्टे वरखाली होत होते. हा पक्ष इतक्या जागा, तो पक्ष तितक्या, कुणाचे किती घटले, कुणाचे किती वाढले. दुपारपर्यंत आमच्या ह्यांना सगळे आकडे पाठ झाले होते.

सासूबाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग चष्मा वर करून अहिराणीत मला विचारलं, "बाया कितल्या शेतस वं?"

म्हणजे, ह्यात बायका किती आहेत गं?

मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी टीव्हीकडे बघितलं. एकाही चॅनेलवर तो पट्टा नव्हता.

मैत्रिणींनो, मी काही राजकारणातली बाई नाही. बी. ए. झाले तेव्हा राज्यशास्त्र विषय होता एवढंच. बाकी संसार आणि पंधरा वर्षं बचत गटाचं काम. पण सासूबाईंचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. पुढचे काही दिवस पेपरातून, इकडून तिकडून आकडे गोळा केले आणि गटाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मांडले. किराणा मांडतो तसेच.

लोकसभेत निवडून जाणारे ५४३. बहुमताला लागतात २७२. भाजपचे आले २४०, म्हणजे २०१९ च्या ३०३ पेक्षा बरेच कमी. काँग्रेसचे ५२ वरून ९९ झाले. समाजवादी पक्ष ३७, तृणमूल काँग्रेस २९, द्रमुक २२, तेलुगू देसम १६, संयुक्त जनता दल १२. मग आपल्याकडचे: उद्धव ठाकरेंची शिवसेना ९, शरद पवारांची राष्ट्रवादी ८, एकनाथ शिंदेंची शिवसेना ७. बाकी लहान लहान पक्ष आणि अपक्ष. भाजपला एकट्याला २७२ गाठता आले नाहीत, म्हणून तेलुगू देसमचे १६ आणि जनता दलाचे १२ एवढे महत्त्वाचे ठरले. मित्रपक्ष धरून बेरीज झाली २९३.

एकेका जागेची किंमत काय असते ते आठवतंय ना? १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं होतं. बाजूनं २६९, विरोधात २७०. आणि २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघातला खासदार ठरला ४८ मतांनी. अठ्ठेचाळीस! आमच्या गल्लीत तेवढी मतं सहज निघतील.

आता सासूबाईंचा प्रश्न. ५४३ मध्ये बायका आल्या ७४. भाजपच्या ३१, काँग्रेसच्या १३, तृणमूलच्या ११, समाजवादीच्या ५, द्रमुकच्या ३ आणि बाकीच्या इतर पक्षांच्या. नोव्हेंबरात वायनाडच्या पोटनिवडणुकीत प्रियंका गांधी आल्या, तेव्हा ७५ झाल्या. २०१९ ला ७८ होत्या. म्हणजे वाढल्या नाहीतच, कमी झाल्या. सातात एक, असं धरा.

आणि मतदान? निवडणूक आयोगाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ ला बायकांचं मतदान ६५.७८ टक्के, पुरुषांचं ६५.५५. रांगेत आपण पुढे आहोत, बरं का.

महाराष्ट्रातले ४८ बघू. २०१९ ला आपल्याकडून आठ बायका गेल्या होत्या, २०२४ ला सात. त्या आठांतल्या पुन्हा निवडून आल्या फक्त दोघी, बारामतीच्या सुप्रिया सुळे आणि रावेरच्या रक्षा खडसे. बाकीच्यांमध्ये हीना गावित, भारती पवार, नवनीत राणा पडल्या. पण भावना गवळी, पूनम महाजन, प्रीतम मुंडे यांना तर तिकीटच मिळालं नाही. भावनाताई पाच वेळा निवडून आलेल्या. प्रीतमताईंच्या जागी निदान त्यांची बहीण उभी होती. नव्या आल्या त्या पाच: सोलापूरच्या प्रणिती शिंदे, मुंबई उत्तर मध्यच्या वर्षा गायकवाड, चंद्रपूरच्या प्रतिभा धानोरकर, धुळ्याच्या शोभा बच्छाव आणि आमच्या जळगावच्या स्मिता वाघ. पक्षवार बघितलं तर काँग्रेसच्या चार, भाजपच्या दोन, पवारांच्या राष्ट्रवादीची एक. दोन्ही शिवसेना मिळून सोळा खासदार, त्यात बाई एकही नाही. दोघांनी बायका उभ्या केल्या होत्या, नाही असं नाही, पण त्या आल्या नाहीत.

गंमत म्हणजे धुळे, जळगाव, रावेर हे तिन्ही मतदारसंघ शेजारी शेजारी. खान्देशातल्या चारपैकी तीन खासदार बायका! धुळ्याच्या बच्छावताई तर ३,८३१ मतांनी आल्या. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाल्या, बाकीचा महाराष्ट्र काय करतो मग?

आता लगेच कुणी म्हणेल, ह्यातल्या बऱ्याच जणी कुणाची तरी मुलगी, कुणाची सून, कुणाची बायको. खरं आहे. पण पुरुष खासदारांची यादी घ्या आणि मुलगे, जावई, पुतणे मोजा. मुलगा आला की 'वारसा चालवतोय' म्हणतात आणि मुलगी आली की 'घराणेशाही'. मला घराणेशाही आवडत नाही, पण मोजायची तर दोन्हीकडची मोजा.

माझा खरा मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला आकड्यांच्या आधी अनुभवानं कळला होता.

२०१६ साली आमच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत आमचा प्रभाग महिला राखीव झाला. नगरपालिका, ग्रामपंचायतीत आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. एका पक्षाची माणसं घरी आली. त्यांनी विचारलं ह्यांना, "दादा, वहिनींना उभं करा." मी चहा घेऊन आले, तेव्हा माझी उमेदवारी जवळजवळ ठरलेली! राग आला, पण आनंदही झाला, खोटं कशाला बोलू. गटाच्या बायकांना तर केवढा हुरूप. मी घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला काढला, शौचालय असल्याचा दाखला काढला, बँकेत वेगळं खातं उघडलं, अर्ज भरला. सतरा दिवस घरोघर फिरले. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, गटार कुठं तुंबते, सगळं वहीत लिहून ठेवलं.

अर्जाबरोबर पक्षाचा एबी फॉर्म लागतो. अधिकृत उमेदवार कोण, ते सांगणारा कागद. तो असेल तर पक्षाचं चिन्ह, नसेल तर तुम्ही अपक्ष. शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत मुदत. "येतोय, निघालाय, वाटेत आहे" असं सकाळपासून फोनवर चाललं होतं. पावणेतीनला कळलं की फॉर्म माजी नगरसेवकांच्या पत्नीच्या नावानं गेलाय. तिचा राग नाही मला. हळदी-कुंकवाला आम्ही एकमेकींकडे जातो. तिलाही आदल्या रात्रीच सांगितलं होतं म्हणे. निवडून आली ती, पण वॉर्डाचं काही काम असलं की फोन साहेबच उचलायचे. मी अर्ज मागे घेतला. सासूबाईंनी त्या रात्री मला गरम पोळी वाढली, एरवी मी त्यांना वाढते.

पक्षाचं नाव इथं लिहीत नाही. नाव बदललं म्हणून गोष्ट फार बदलेल, असं वाटत नाही.

म्हणून स्मिता वाघ दिल्लीला गेल्या तेव्हा माझ्या पोटात काहीतरी हललं. २०१९ ला जळगावची उमेदवारी त्यांचीच जाहीर झाली होती. ऐनवेळी ती बदलून उन्मेष पाटलांना दिली गेली. विधान परिषदेच्या आमदार होत्या त्या, माझ्यासारखी साधी बाई नव्हे. तरी कागद फिरलाच! पाच वर्षं त्यांनी काय विचार केला असेल, पक्षात कशा राहिल्या असतील, कोण जाणे. २०२४ ला तिकीट मिळालं आणि मोठ्या फरकानं निवडून आल्या. तुम्हाला त्यांचा पक्ष पटो न पटो, तो भाग वेगळा. ती पाच वर्षं मात्र मला कळतात.

तिकीट वाटणारे नेहमी एक वाक्य टाकतात: "बाई निवडून येत नाही हो." म्हटलं, हेही मांडून बघू. २०२४ ला देशभर उमेदवार होते ८,३६०. त्यात बायका फक्त ८०० च्या आसपास. निवडून आल्या ७४, म्हणजे अकरात एक. पुरुष उभे राहिले साडेसात हजारांवर, आले ४६९. म्हणजे सोळात एक! आता हौसेनं उभे राहणारे अपक्ष बहुतेक पुरुषच असतात, त्यामुळे हा हिशोब तंतोतंत धरू नका. पण 'येत नाही' हे तरी कुठं दिसतं? आणि १५२ मतदारसंघ असे होते की तिथं एकही बाई उभी नव्हती. तिथल्या मतदारानं करायचं काय?

पक्षांचं बघा. भाजपनं सुमारे ४४० उमेदवार दिले, त्यात बायका ६९. काँग्रेसनं सव्वातीनशेच्या वर, त्यात ४१. आणि बंगालमध्ये तृणमूलनं ४२ पैकी १२ तिकिटं बायकांना दिली. त्यातल्या ११ जणी आल्या. ओडिशात २०१९ ला बिजू जनता दलानं २१ पैकी ७ जागी बायका उभ्या केल्या आणि पाच निवडून आल्या. ह्या दोघांना कुठला कायदा आडवा आला नव्हता आणि मदतीलाही नव्हता. त्यांनी फॉर्मवर नाव लिहिलं, बस्स.

कायद्याची गोष्टही सांगायला हवी. एक तृतीयांश जागांचं विधेयक लोकसभेत पहिल्यांदा आलं सप्टेंबर १९९६ मध्ये. त्या वर्षी जन्मलेली मुलगी आज दोन लेकरांची आई असेल. २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत अडकलं. शेवटी २० सप्टेंबर २०२३ ला लोकसभेनं ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत तर विरोधात एकही मत नाही. आम्ही गटात पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच आमच्या सचिव बाईंनी पेपरातली पुढची ओळ वाचली: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. त्या जनगणनेची अधिसूचना निघाली जून २०२५ मध्ये आणि संदर्भ तारीख ठरली १ मार्च २०२७. साडेचारशे जणांचा पाठिंबा होता, आणि काही महिन्यांतच त्याच पक्षांनी दिलेली तिकिटं वर लिहिली आहेतच.

गटात हे सगळं वाचून दाखवलं तर पापडवाल्या मावशी म्हणाल्या, "बाई गेली तरी आपलं कुठं ऐकते? पक्ष सांगेल तेच करते." मावशींचं अगदी चूक नाही. १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे. पक्षाचा आदेश मोडून सभागृहात मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. बाई असो की पुरुष, बटण दाबताना पक्षच. पण प्रश्न विचारायला, समितीत बोलायला, पाणी-शाळा-दवाखाना काढायला मुभा असते. मृणालताई गोरे आठवा. १९७७ ला लोकसभेत बायका होत्या फक्त १९, इतक्या कमी आधी नव्हत्या आणि नंतरही नाहीत. त्यात आपली 'पाणीवाली बाई' होती. आणि चिपळूणला जन्मलेल्या सुमित्राताई महाजन इंदूरहून आठ वेळा निवडून गेल्या आणि २०१४ ते २०१९ सगळ्या सभागृहाला "बैठ जाइए" म्हणत होत्या!

मावशींना ते "बैठ जाइए" फार आवडलं. त्या दिवशी मीटिंग लांबली. हप्ते गोळा झाले, वही मिटली, बायका उठल्या. एक सून मात्र मागे थांबली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलीय, बी. कॉम. झालेली, गटाचा हिशोब आता तीच बघते. चप्पल घालता घालता हळूच म्हणाली, "काकू, तो एबी फॉर्म नेमका कुणाच्या सहीनं निघतो?"

मी तिला परत आत बोलावलं आणि वहीचं मागचं पान उघडलं.