तेलकट सांडपाण्याला विजेची तुरटी



मागील महिन्यात कामानिमित्त कल्याणकडे जाणे झाले, तेव्हा आम्ही मुद्दाम अंबरनाथला उतरलो. इ. स. १०६० चे शिवमंदिर पाहिले. शेजारून वालधुनी जाते. नदी म्हणायची एवढेच. अंबरनाथ-उल्हासनगरचे काळे पाणी घेऊन ती कल्याणला उल्हासला मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कोणी टँकरने तिच्यात रसायन ओतले आणि वायूमुळे उल्हासनगरची शेकडो माणसे दवाखान्यात न्यावी लागली.

तिकडे बदलापूरपर्यंत रसायनांचे कारखाने आहेत, तशीच लेथची वर्कशॉपेही. लेथवर पाण्यात मिसळून वापरलेले तेल दुधासारखे दिसते. कण इतके बारीक की दिवसभर ठेवा, साय धरत नाही. तेल-सापळ्यात फक्त तरंगते तेल अडकते, हे सरळ निघून जाते.

त्यावर विजेचा इलाज आहे. टाकीत लोखंडाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या सोडून बॅटरी चार्जिंगला देतात तसा डी. सी. करंट द्यायचा. धन पट्टी झिजून धातू पाण्यात उतरतो आणि घागरीत फिरवलेल्या तुरटीचे काम करतो. तेलाचे कण एकमेकांना धरतात. ऋण पट्टीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, ते हा साका वर आणतात. वरून ओढून घेतला की झाले. १०० अँपियर तासभर दिले तर लोखंड सुमारे १०४ ग्रॅम झिजते, अ‍ॅल्युमिनियम ३३-३४ ग्रॅम. म्हणजे पट्ट्यांचा खर्च आला, विजेचा आला. पट्ट्यांवर थर बसतो, तो काढावा लागतो. शिवाय साका टाकायचा कुठे? बांधावर तर नाहीच नाही.

हे पुराण आपल्याला कशाला? मिलच्या बेअरिंगचे तेल-ग्रीस आपल्याही सांडपाण्यात उतरते आणि ते पाणी काही सभासदांच्या उसाला जाते. नियमाने लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त तेल चालत नाही. जास्त झाले की मातीच्या कणांवर थर बसतो, पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात.

आमचे मत विचाराल तर पट्ट्या नंतर. मिल हाऊसची फरशी सोड्या-साबणाने धुतली की तरंगणारे तेल फुटून दुधाळ होते आणि सापळा फुकट जातो. आधी भुसा टाकून तेल टिपावे, मगच पाणी मारावे. कामगार बंधूंशी आम्ही बोललो आहोत.

ओढ्यावर मोटार असलेल्या सभासदांनी पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसल्यास काचेची स्वच्छ बाटली भरून, तारीख-वेळ लिहून, त्याच दिवशी गट ऑफिसात आणून द्यावी.