गाडीचा फोटो आणि गिऱ्हाईकाचा भरवसा

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून यझदी निघणे १९९६ मध्ये थांबले. पुढे हौशी मंडळी जुन्या गाड्या शोधू लागली आणि फोटो पाहूनच चौकशी होऊ लागली. आम्हीही आमची जपलेली यझदी विकायला काढली, तेव्हा तिला कळवणहून चणकापूर धरणाच्या काठी नेले. सकाळचे कोवळे ऊन, मागे गिरणेचे पाणी व डोंगर. सूर्य पाठीशी ठेवला, गाडी मेन स्टँडवर उभी केली आणि गुडघ्यावर बसून फोटो काढले. डावी बाजू मुद्दाम घेतली; यझदीची किक व गिअर एकाच दांड्याने चालतात, जाणकाराची नजर तिथेच जाते.

टाकीच्या खालच्या कडेचा गंज मात्र आम्ही फोटोत येऊ दिला नाही. मालेगावहून गिऱ्हाईक आले, वाकून पाहिले आणि चहाही न घेता परत गेले. चूक आमचीच होती.

दुसऱ्या खेपेस गंजाचा, झिजलेल्या टायरचा व इंजिनचा जवळून फोटो काढला. भाव थोडा कमी आला, पण सौदा एकाच भेटीत झाला. व्यापारी बंधूंनो, देखावा गिऱ्हाईकाला दारापर्यंत आणतो. पैसे मात्र भरवशावरच मोजले जातात.