बारा स्पीकर आणि दोन कान

लॉजिक प्रो या सॉफ्टवेअरची अकरावी आवृत्ती मे २०२४मध्ये आली तेव्हा रेकॉर्डिंगवाल्यांमध्ये दोनच गोष्टींची चर्चा होती. एक म्हणजे संगणकाने स्वतःच वाजवून दिलेला बेस आणि पियानो. दुसरी म्हणजे तयार गाण्यातून गायकाचा आवाज आणि वाद्यं वेगळी काढून देणारा ‘स्टेम स्प्लिटर’. डॉल्बी ॲटमॉसमध्ये मिक्स करणाऱ्यांच्या उपयोगाचं जे होतं ते यादीत बरंच खाली, दोन-चार ओळींत उरकलेलं होतं. ॲटमॉसचा मिक्स कमी स्पीकरांवर वाजेल तेव्हा तो कसा उतरावा, हे आता लॉजिकमध्येच ठरवता येणार होतं, आणि ते आकडे निर्यात केलेल्या फाइलसोबत जाणार होते. या सोयीचं नाव डाउनमिक्स आणि ट्रिम. मी त्या वेळी एका वारकरी भजनाचा ॲटमॉस मिक्स करत होतो. त्या कामात सगळ्यात मोठा फरक याच सोयीने पाडला.

ॲटमॉसची खोली म्हणजे सहसा ७.१.४: कानाच्या उंचीवर सात स्पीकर, छताला चार आणि खर्जासाठी एक सबवूफर, असे एकूण बारा. पण ॲटमॉसचं वेगळेपण स्पीकरांच्या संख्येत नाही. जुन्या ५.१मध्ये प्रत्येक स्पीकरला काय पाठवायचं ते आधीच ठरवून फाइलमध्ये पक्कं केलेलं असतं. ॲटमॉसच्या फाइलमध्ये आवाज असतो आणि त्याच्या शेजारी तो खोलीत कुठे आहे याची नोंद असते. ऐकणाऱ्याकडे स्पीकर किती आणि कुठे आहेत ते पाहून वाटणी वाजवताना होते. एकूण १२८ वाटा मिळतात. त्यातल्या १० ‘बेड’साठी, म्हणजे ठरलेल्या वाहिन्यांच्या पायासाठी, आणि उरलेल्या ११८ ‘ऑब्जेक्ट’साठी, म्हणजे हवे तिथे ठेवता येतील अशा आवाजांसाठी. बेडला डोक्यावरच्या फक्त दोनच वाहिन्या असतात. त्यामुळे एखादा आवाज छताच्या पुढच्या कोपऱ्यात किंवा मागच्या कोपऱ्यात नेमका ठेवायचा असेल तर त्याला ऑब्जेक्ट करावंच लागतं.

ऑक्टोबर २०२१मध्ये लॉजिकच्या १०.७ आवृत्तीने हे सगळं सॉफ्टवेअरच्या आत आणलं. त्याआधी ही वाटणी करणारं डॉल्बीचं वेगळं सॉफ्टवेअर, म्हणजे रेंडरर, विकत घेऊन ते शेजारी चालवावं लागे. नंतर स्टुडिओ वनने आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये प्रो टूल्सनेही रेंडरर आत घेतला. घरच्या खोलीत, एका लॅपटॉपवर ॲटमॉसचं काम सुरू करता येणं ही गोष्ट त्यामुळे शक्य झाली, आणि तिचं मोल मला फार वाटतं.

आता भजनाकडे येतो. वारकरी भजन उभं राहतं तेच मुळी जागेच्या हिशोबाने. टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे राहतात, मृदंगमणी आणि वीणेकरी मध्ये असतात, आणि चाल सांगणारा म्हणतो ते दोन्ही ओळी उचलतात. त्या ओळींच्या मध्ये ज्याने कधी उभं राहून पाहिलंय त्याला ठाऊक असतं की टाळ तिथे एका बाजूने ऐकू येत नाही, तो दोन्ही खांद्यांवर पडतो. स्टिरिओत हे सगळं समोरच्या दोन स्पीकरांच्या मधल्या पट्टीत दाबून बसवावं लागतं. टाळ मोठा ठेवला तर शब्द जातात, लहान ठेवला तर भजनाची जानच जाते. हे भजन आम्ही एका देवळाच्या दगडी सभामंडपात रेकॉर्ड केलं होतं. प्रत्येक ओळीला दोन माइक, मृदंगाच्या दोन्ही तोंडांना एकेक, वीणेला एक, पेटीला एक, मुख्य गायकाला एक, आणि मंडपाचा घुमारा पकडायला उंचावर चार.

ॲटमॉसच्या पॅनरवर ठिपका माऊसने ओढला की आवाज खोलीभर फिरतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला तो फिरवावासा वाटतो. फिरवून पाहिलं की लगेच कळतं की भजनात त्याला जागा नाही. कारण नुसतं रसिकतेचं नाही, ध्वनीचंही आहे. मंडपात सगळे एकत्र गात-वाजवत होते, त्यामुळे टाळ गायकाच्या माइकमध्येही शिरलेला आहे. आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. टाळकऱ्यापासून गायकाचा माइक तीन मीटरवर असेल तर तोच टाळ ओळीच्या माइकमध्ये आधी आणि गायकाच्या माइकमध्ये सुमारे नऊ मिलिसेकंदांनी येतो. कान आधी आलेल्या आवाजावरून दिशा ठरवतो आणि उशिरा आलेल्याला त्याचाच भाग समजतो. ओळ मंडपात जिथे उभी होती साधारण तिथेच पॅनरवर ठेवली, तर हा शिरलेला आवाज मदतीला येतो आणि ओळ भक्कम उभी राहते. तीच ओळ पार पाठीमागे ओढली तर समोरच्या, गायकाच्या माइकमधला टाळ तिला पुढे खेचू लागतो. टाळ एका जागी राहत नाही, विरघळल्यासारखा होतो. म्हणून प्रत्यक्ष मैफलीचं किंवा भजनाचं रेकॉर्डिंग असेल तर मंडपात कोण कुठे उभं होतं त्याचा कागदावर नकाशा काढून ठेवावा. मिक्सच्या वेळी त्या कागदाइतकं उपयोगी काही नसतं.

दोन्ही ओळी मी ऑब्जेक्ट म्हणून डाव्या-उजव्या बाजूला, किंचित पुढे ठेवल्या. गायक समोर मध्ये. उंचावरचे चारही माइक छताच्या चार कोपऱ्यांत, त्यामुळे मंडपाचा घुमारा आपसूक डोक्यावरून आला. संगणकातला रिव्हर्ब लावावाच लागला नाही.

मृदंगाने मात्र विचार करायला लावलं. त्याच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओल्या कणकेचा लेप देतात, आणि त्यातून जो भरदार खर्ज निघतो त्यावर सगळं भजन टेकलेलं असतं. सबवूफरची वाहिनी, जिला एलएफई म्हणतात, हाताशी असली की तो खर्ज तिच्यात ओतण्याचा मोह होतो. बारा स्पीकरांच्या खोलीत ऐकायला ते झकासच वाटतं. पण ठरलेल्या पद्धतीने स्टिरिओत उतरवताना एलएफई वगळली जाते. ज्या आवाजाशिवाय गाणं उभं राहत नाही तो एकट्या एलएफईत कधीच ठेवू नये. धुमेचा मूळ आवाज मी मुख्य स्पीकरांतच ठेवला आणि एलएफईला फक्त थोडा आधार दिला.

स्टिरिओची सवय असलेल्यांना सगळ्यात जड जातं ते मास्टरचं काम. स्टिरिओत शेवटी सगळं एका वाटेने जातं आणि तिथे कॉम्प्रेसर लावून मिक्स बांधता येतो. इथे ऑब्जेक्ट वाजेपर्यंत वेगळेच राहतात. लॉजिकच्या मास्टरवर ॲटमॉस प्लग-इनच्या आधी काही लावलं तर ते फक्त बेडला लागतं, ऑब्जेक्टना नाही. त्यात पातळीची मर्यादा आहे: आवाजाचा सरासरी जोर उणे १८ एलकेएफएसच्या वर जायचं नाही आणि शिखर उणे १ डेसिबलच्या आत ठेवायचं. ही मोजणीही ५.१मध्ये उतरवलेल्या आवाजावर होते. उणे दहाच्या आसपास दाबून भरलेला स्टिरिओ मास्टर आज सर्रास असतो. त्याच्याशेजारी ॲटमॉस ऐकवला की कलाकार हमखास विचारतात, आवाज कमी का? मला ही मर्यादा वरदान वाटते. टाळाचा ठोका आणि त्यानंतरची शांतता, दोन्ही शाबूत राहतात.

पण बारा स्पीकरांच्या खोलीत किती जण ऐकणार? आपले बहुतेक ऐकणारे इअरफोनवरचे. तिथे रेंडरर हेच सगळं दोन कानांसाठी नव्याने मांडतो. डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानाला जास्तीत जास्त सुमारे ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, डोक्याच्या आडोशाने थोडा मंदही होतो. वर-खाली, पुढे-मागे हे कळतं ते कानाच्या पाळीच्या वळणांमुळे. ही वळणं प्रत्येकाची वेगळी, म्हणून सरासरी कान धरून केलेला हिशोब कुणाला तंतोतंत लागू पडतो, कुणाला नाही. बाजूच्या गोष्टी सगळ्यांनाच छान ऐकू येतात. टाळाच्या ओळी इअरफोनवर इतक्या स्पष्ट उभ्या राहिल्या त्या यामुळेच, शिवाय टाळाच्या आवाजात वरच्या पट्टीतली कंपनं भरपूर असतात आणि दिशा ओळखायला कानाला त्यांचीही मोठी मदत होते. नेमका समोर ठेवलेला गायक मात्र अनेकांना डोक्याच्या आत किंवा मागेच ऐकू येतो.

डॉल्बीच्या रेंडररमध्ये प्रत्येक ऑब्जेक्टला जवळ, मध्यम, दूर असा शेरा देता येतो, किंवा तो हिशोब बंदही करता येतो. गायकाला ‘जवळ’ आणि घुमाऱ्याला ‘दूर’ दिलं की भजन छान उलगडतं. अडचण अशी की हे शेरे ॲपल म्युझिकवर चालत नाहीत, तिथे ॲपलचा स्वतःचा रेंडरर वाजवतो. लॉजिकमध्ये दोन्ही रेंडरर बदलून ऐकता येतात. नव्याने हे काम करणाऱ्याने दर थोड्या वेळाने ते बदलून ऐकावं. डोक्याच्या हालचालीबरोबर आवाज स्थिर ठेवणारी सोयही आहे. ती तपासायला चांगली, पण पातळ्या लावताना बंद ठेवलेली बरी. नाहीतर मान वळली म्हणून आवाज बदलला की फेडर हलला म्हणून, हे कळेनासं होतं.

आणि मग तो नवा ट्रिम. माझ्या खोलीत आणि इअरफोनवर भजन जमलं होतं. घरोघरी असतात तशा ५.१च्या मांडणीवर उतरवून ऐकलं तर धृपद पडलं. कारण सरळ आहे. ७.१.४मध्ये बाजूचे दोन आणि मागचे दोन स्पीकर वेगळे असतात, वर छताचे चार. ५.१मध्ये बाजू आणि मागचं सगळं एकाच जोडीत येतं, छतालाही वेगळी जागा उरत नाही. गर्दी होऊ नये म्हणून ‘आपोआप’ या पर्यायात रेंडरर बाजूचे आणि वरचे आवाज स्वतःच कमी करतो. सिनेमात ते बरोबरच आहे. तिथे बाजूला पाऊस, वारा, रहदारी असते आणि संवाद समोर असतो. भजनात बाजूला टाळकरी असतात आणि धृपद तेच धरतात. त्यांना कमी करणं म्हणजे अर्धं भजन कमी करणं.

पूर्वी यावर उपाय म्हणजे वेगळं सॉफ्टवेअर किंवा मूळ मिक्समध्येच तडजोड. आता ॲटमॉस प्लग-इनमध्येच ‘आपोआप’ काढून हाताने आकडे देता येतात: बाजूचे आवाज किती उतरवायचे, वरचे किती, पुढे-मागे तोल कसा ठेवायचा. तेही प्रत्येक मांडणीसाठी वेगळे. मी ५.१साठी बाजूचे आवाज अगदी थोडे उतरवले आणि वरचा घुमारा बराच. धृपद परत जागेवर आलं. बारा स्पीकरांच्या मिक्सला हातही लावावा लागला नाही.

सत्तरच्या दशकात चार स्पीकरांचं क्वाड्रोफोनिक संगीत आलं आणि काही वर्षांत गेलं. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती बाजारात होत्या आणि ऐकणाऱ्याने नेमकं कोणतं यंत्र घ्यावं हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. ॲटमॉस टिकेल असं मला वाटतं, कारण तीच फाइल होम थिएटरपासून इअरफोनपर्यंत जाते. पण ती नुसती पोचून भागत नाही, नीट उतरायला हवी, आणि ते ठरवण्याचं काम मिक्स करणाऱ्याचं आहे. स्टिरिओ मिक्स मात्र अजूनही वेगळा करावा. ज्यांच्याकडे ॲटमॉस वाजत नाही त्यांना अनेक सेवा तोच ऐकवतात.

राहिला स्टेम स्प्लिटर. जुनी रेकॉर्डिंग त्यातून सोडवून ॲटमॉसमध्ये मांडता येतील का, असं बरेच भजनी मंडळांचे लोक विचारतात. २०२४मध्ये तो चार भाग करत होता: गायन, ड्रम, बेस आणि उरलेलं. मे २०२५मध्ये त्यात गिटार आणि पियानो वेगळे निघू लागले. हे विभाग पाश्चात्त्य बँडच्या वाद्यमेळावर बेतलेले आहेत. आपल्या भजनात टाळ आणि मृदंग एकाच डब्यात येतात, पेटी आणि वीणा ‘उरलेल्या’त, आणि मंडपाचा घुमारा सगळीकडे तुकड्या-तुकड्यांनी विखुरतो. दोन ओळींतले टाळ त्यातून वेगळे करता येत नाहीत. रियाजासाठी, कराओकेसाठी तो उत्तम आहे, या कामासाठी नाही.

म्हणून भजनी मंडळांना, गायकांना, वादकांना एक विनंती. रेकॉर्डिंग झालं की फक्त तयार गाणं घेऊन घरी जाऊ नका. प्रत्येक माइकचा ट्रॅक वेगळा, कोणताही इफेक्ट न लावलेला, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झमध्ये, सगळे एकाच क्षणापासून सुरू होणारे असे स्टुडिओतून मागून घ्या. सोबत कोणता माइक कुठे होता तो कागदही घ्या. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा.